अडचण नेमकी कोणाची?

मराठी भाषा मोठी व्यवहारी आहे. वाटेत धोंडा आला तर तिच्यापाशी त्यासाठी एकच शब्द नाही. अडचण आहे, अडथळा आहे, आडकाठी आहे, खोळंबा आहे, आणि सगळ्यांत शेवटी अडवणूक आहे. वरवर पाहता ही सगळी एकाच घरातली भावंडे वाटतात. पण त्यांचे स्वभाव वेगळे आहेत. पाऊस झाला, ओढ्याला पूर आला आणि फरशी पाण्याखाली गेली, ही अडचण. पूर ओसरला, पण फरशीच्या तोंडाशी कोणी ट्रक आडवा लावून चहा प्यायला गेला, हा अडथळा. आणि ट्रक बाजूला घ्यायचे त्याने पैसे मागितले, की ती अडवणूक.

गंमत अशी, की व्यवहारात आपण पहिला शब्द तिन्हींसाठी वापरतो. कोणत्याही कचेरीत जा. खिडकीपलीकडचा माणूस ‘मी तुम्हाला अडवतो आहे’ असे कधीच म्हणत नाही. तो चेहरा पाडून म्हणतो, “काय आहे ना साहेब, जरा अडचण आहे.” जणू तोही आपल्यासारखाच पुरात सापडला आहे! आपल्यालाही त्याची दया येते. आपण ‘बरं, उद्या येतो’ म्हणून पायऱ्या उतरतो आणि स्कूटरला किक मारताना आपल्या ध्यानात येते, की अडचण काय आहे हे त्याने सांगितलेच नाही.

पस्तीसेक वर्षे बँकेच्या काऊंटरच्या आत काढली आणि आता काही वर्षे काऊंटरच्या बाहेर उभा आहे. कादंबऱ्या लिहितो, त्यामुळे अडथळ्याशी माझे आणखी एक नाते आहे. नायकाच्या वाटेत काही आडवे आल्याशिवाय कादंबरीचे दुसरे प्रकरणच सुरू होत नाही. पण कादंबरीतला अडथळा माणसाला मोठा करतो. कचेरीतला अडथळा त्याला नुसता दमवतो. रेशनकार्डावर नाव चढवण्यासाठी आठ खेटे घातल्याने कोणी नायक झाल्याचे मी पाहिलेले नाही. म्हणूनच हा विषय गोष्टीत घालण्याऐवजी आज सरळ रविवारच्या वाचकांपुढे ठेवावा असे वाटले.

आम्हा नाशिककरांना अडथळ्यांचे बाळकडू घाटाने पाजले. मुंबईहून नाशिकला यायचे तर सह्याद्री आडवा. १८६५ साली थळ घाटातून इगतपुरीपर्यंत रेल्वे आली. चढ सदतीसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे सरकल्यावर एक फूट वर. ऐकायला किरकोळ, पण आगगाडीच्या हिशेबात हा चढ भलताच उभा. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिने लावतात. ती मागून रेटा देत गाडी वर चढवतात आणि इगतपुरी आली की सुटी होतात. रेल्वेच्या भाषेत या इंजिनाला ‘बँकर’ म्हणतात. मी स्वतः बँकर, त्यामुळे हा शब्द प्रथम ऐकला तेव्हा मला हसू आले. रोज सकाळी मुंबईहून निघून जेवणाच्या सुमारास नाशिकरोडला उतरणाऱ्या प्रवाशाला आपल्या मागे कोण ढकलत होते याचा पत्ताही नसतो.

रस्त्याने यायचे तर हाच घाट वळणावळणाने चढावा लागे. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि नागपूर-मुंबई हा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. याच टप्प्यात इगतपुरीजवळ सुमारे पावणेआठ किलोमीटरचा जोडबोगदा आहे. घाटाला जो वेळ लागे तो आता आठदहा मिनिटांवर आला. निसर्गाने घातलेली अडचण माणसाने मनावर घेतले तर अशी दूर होते.

आता याच जिल्ह्यातला दुसरा घाट पाहा. तो कागदाचा आहे.

सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरी, त्र्यंबकेश्वर या पट्ट्यातले आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या वनजमिनी कसत आले. जमीन कसायची, पण सातबाऱ्यावर नाव नाही. नाव नाही म्हणून पीककर्ज नाही, आणि नुकसानभरपाईची यादी आली की तिथेही नाव नाही. २००६ साली संसदेने वनहक्क कायदा केला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताब्यात असलेली जमीन, कमाल चार हेक्टरपर्यंत, कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाच्या नावे करायची, असे त्यात ठरले. पुराव्यांची यादीही नियमांत उदार होती. गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाबसुद्धा पुरावा म्हणून धरायचा होता. कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते, की ज्याच्यापाशी कागद नव्हता म्हणूनच त्याच्यावर अन्याय झाला, त्याच्याकडे पुन्हा कागदच मागण्यात अर्थ नाही.

पण कायदा मुंबई-दिल्लीहून निघून पाड्यावर पोहोचेपर्यंत त्याला अनेक टेबले ओलांडावी लागतात. दावे दाखल झाले, काही मंजूर झाले, काही फेटाळले गेले, काही मंजूर होऊनही मोजणीत कमी भरले, आणि असंख्य नुसते पडून राहिले. शेवटी ६ मार्च २०१८ रोजी किसान सभेच्या लाल झेंड्याखाली हजारो माणसे नाशिकहून मुंबईकडे पायी निघाली. अंतर सुमारे १८० किलोमीटर. मार्चचे ऊन, डांबरी रस्ता, आणि पायांत कोणाच्या चपला तर कोणाच्या त्याही नाहीत. वाटेत माणसे वाढत गेली. सोललेल्या तळव्यांची छायाचित्रे तेव्हा वर्तमानपत्रांतून छापून आली होती. ती ज्यांनी पाहिली त्यांना अजून आठवत असतील.

या मोर्चातली एक गोष्ट मला त्याच्या मागण्यांइतकीच मोठी वाटते. ११ मार्चला ही मंडळी मुंबईत पोहोचली आणि सोमय्या मैदानावर थांबली. दुसऱ्या दिवशी सोमवार होता आणि दहावीची परीक्षा चालू होती. सकाळी एवढा मोर्चा शहरातून निघाला असता तर पूर्व बाजूची सगळी वाहतूक खोळंबली असती आणि पोरांचे पेपर चुकले असते. मोर्चेकऱ्यांनी ठरवले, की सकाळची वाट न पाहता रात्रीच निघायचे. सहा दिवस चाललेली, सोललेल्या पायांची ती माणसे झोप न घेता रात्रभर चालली आणि उजाडण्याच्या सुमारास आझाद मैदानावर पोहोचली. परीक्षेला निघालेल्या मुलांना रस्ता मोकळा मिळाला.

वाचकहो, इथे क्षणभर थांबावेसे वाटते. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अडवले गेले, त्यांनी अनोळखी शहरातल्या अनोळखी मुलांना अडवायचे नाही असे ठरवले. मुंबईकरांनीही त्याची जाण ठेवली. रात्री लोक पाणी, बिस्किटे, चपला घेऊन रस्त्यावर आले. त्याच दिवशी, १२ मार्चला, सरकारने लेखी आश्वासन दिले, की वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढू. पुढे काय झाले? फेब्रुवारी २०१९ मध्ये पुन्हा नाशिकहून मोर्चा निघाला. मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून निघाला आणि वाशिंदला थांबला. वनहक्काची मागणी दोन्ही वेळा यादीत होतीच. डोंगराला पावणेआठ किलोमीटरचे भोक पाडणे आम्हाला जमले. फायलीला तेवढे जमेना.

बँकेतला एक अनुभव सांगतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या शाखेत मी अधिकारी होतो. एक वयस्क बाई मयत नवऱ्याच्या ठेवीचे पैसे मागायला आल्या होत्या. ठेव काही हजारांची. नामनिर्देशन म्हणजे नॉमिनेशन केलेले होते, म्हणजे खरे तर काम सोपे. पण बाईंची नावे तीन. लग्नात नाव बदलण्याची आपल्याकडची हौस सर्वांना माहीत आहेच. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव. बँकेच्या फॉर्मवर सासरचे. आणि मतदारयादी करणाऱ्याने सासरच्या नावाचे आपल्या कानाला जसे ऐकू आले तसे तिसरेच रूप लिहिलेले. ही बाई तीच कशावरून? आधी चार वेळा येऊन त्या परत गेल्या होत्या. पाचव्या खेपेला काऊंटरवरचा तरुण कारकून, स्वभावाने अगदी चांगला मुलगा, सवयीप्रमाणे म्हणाला, “मावशी, जरा अडचण आहे.”

बाई शांतपणे म्हणाल्या, “भाऊ, अडचण तुमची हाये का माही?”

हा प्रश्न मी तेव्हापासून विसरलेलो नाही. तिची अडचण होतीच, पण ती पैशांची होती. नावाची अडचण आमची होती. आमच्या रजिस्टराची होती. ती आम्ही तिच्या पदरात टाकून मोकळे झालो होतो. गावचे पोलीस पाटील आणि शाळेचे गुरुजी यांचे ‘तिन्ही नावांची बाई एकच’ असे लेखी निवेदन, बाईंचा अंगठा, आणि मॅनेजरसाहेबांची सही एवढ्यावर ते काम त्याच आठवड्यात झाले. नियमात ती सोय पहिल्यापासून होती. फक्त ती बाईंना कोणी सांगितली नव्हती. पाच खेपांचे एस.टी.चे भाडे आणि पाच दिवसांची बुडालेली मजुरी यांचा मी मनातल्या मनात हिशेब केला. ठेवीवर वर्षभरात मिळालेल्या व्याजाचा बराचसा भाग तिथेच गेला होता. बँकेच्या ताळेबंदात मात्र हा खर्च कुठल्याही खात्याला नावे पडत नाही.

बँकेच्या खात्यावर वारस नेमण्याची सोय १९८५ च्या नियमांनी आली, तेव्हा मी नोकरीत नवखा होतो. त्यापूर्वी खातेदार गेला, की घरच्यांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागत. नियम आल्यावरही कित्येक शाखा सवयीने वारसदाखला आणि जामीनपत्र मागतच राहिल्या. अखेर २००५ साली रिझर्व्ह बँकेने स्पष्ट बजावले, की नॉमिनी असेल तर वारसदाखला, जामीनपत्र मागू नका आणि कागदपत्रे मिळाल्यापासून पंधरा दिवसांत दावा निकाली काढा. म्हणजे सोय कागदावर आल्यापासून ती काऊंटरवर यायला वीस वर्षे लागली! १ नोव्हेंबर २०२५ पासून तर बँक खात्यावर चार जणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात. तरीही मार्च २०२४ अखेर रिझर्व्ह बँकेकडच्या दावा न केलेल्या ठेवींचा निधी ७८,२१३ कोटी रुपयांवर गेला होता. दहा वर्षे कोणी हात न लावलेला हा पैसा. यातला काही विसराळूपणाचा, काही गुपचूप ठेवलेला. पण पाचव्या खेपेनंतर पुन्हा न आलेल्या माणसांचाही त्यात वाटा असणार, असे मला अनुभवाने वाटते.

एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. मी नियमांच्या विरुद्ध नाही. ज्याने उभा जन्म बँकेत घालवला तो नियमांच्या विरुद्ध कसा असेल? आमच्याकडे एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने ती तपासून मंजूर करायची, अशी रीत असते. ही रीत म्हणजे मुद्दाम घातलेला अडथळाच आहे. तो मोडला की काय होते हे फेब्रुवारी २०१८ मध्ये देशाने पाहिले. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाऊस शाखेतून परदेशी बँकांना हमीचे संदेश जात राहिले आणि त्यांची नोंद बँकेच्या मुख्य संगणकप्रणालीत होतच नव्हती. घोटाळ्याचा पहिला जाहीर आकडा होता सुमारे ११,४०० कोटी रुपये. आता तारखा जुळवून पाहा. फेब्रुवारीत हा प्रकार उघडकीला आला आणि पुढच्याच महिन्यात सुरगाण्याची माणसे दोन-चार एकरांच्या कागदासाठी मुंबईला चालत निघाली. जिथे अडथळा हवा होता तिथे मोकळे मैदान, आणि जिथे वाट हवी होती तिथे भिंत!

तेव्हा प्रश्न अडथळा असावा की नसावा हा नाही. तो कशासाठी आहे आणि कोणाला अडवतो, हे पाहायला हवे. नाशिककरांना हे सिंहस्थाने शिकवले आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजी शाहीस्नानाच्या दिवशी सरदार चौकाच्या अरुंद उतारावर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविक गेले. गर्दीला वेळीच रोखणारी, वळवणारी व्यवस्था किती मोलाची असते, हे त्या दिवशी सगळ्या गावाला कळले. २०१५ च्या सिंहस्थात प्रशासनाने त्याचा धसका घेतला. २९ ऑगस्टच्या पहिल्या पर्वणीला इतके कठडे आणि इतके बंद रस्ते, की भाविकांची पायपीट झाली आणि गावकऱ्यांना स्वतःच्या गल्लीत शिरणे मुश्कील झाले. आरडाओरड झाली. १३ सप्टेंबरच्या दुसऱ्या पर्वणीला बंदोबस्त थोडा सैल केला गेला आणि पर्वणी नीट पार पडली. मला या गोष्टीत कौतुक वाटते ते दुरुस्तीचे. अडथळा घालणाऱ्याने पंधरा दिवसांत पुन्हा विचार केला. असा पुनर्विचार आपल्या कचेऱ्यांतून किती नियमांच्या वाट्याला येतो? आता पुढच्या सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि मुख्य स्नाने २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात असा कार्यक्रम जाहीर झालेला आहे. तेव्हाही कठडे लागतीलच; ते कुठे लावायचे आणि कधी काढायचे, हे ठरवणाऱ्यांनी २००३ आणि २०१५ ही दोन्ही वर्षे आठवावीत.

कित्येकदा एकाची सोय हीच दुसऱ्याची अडवणूक असते, आणि आपण सोय झालेल्यांच्या बाजूला असलो की ती आपल्याला दिसत नाही. कांद्याचेच पाहा. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर चाळीस टक्के निर्यातशुल्क लावले. लासलगावसह जिल्ह्यातल्या बाजारसमित्यांत लिलाव बंद पडले. डिसेंबरात तर निर्यातच बंद केली. ४ मे २०२४ ला ती उठवली, पण किमान निर्यातमूल्य आणि चाळीस टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबरात शुल्क वीस टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ ला ते काढून टाकले गेले. दीड-पावणेदोन वर्षांत एवढे चढउतार. शहरातल्या माझ्यासारख्या पेन्शनराला या काळात कांदा स्वस्त मिळाला असेल, ते मी नाकारत नाही. सरकारलाही शहरातल्या चुलींचा विचार करावा लागतो. पण निफाड-चांदवडच्या शेतकऱ्याने उन्हाळ कांदा चाळीत साठवला तो काही महिन्यांचा अंदाज बांधून. तो सडू लागायची मुदत निसर्गाने ठरवलेली, आणि बाजाराचे दार कधी उघडेल हे कोणालाच माहीत नाही. भाव पडला तर तो सोसतो, कारण बाजार असाच असतो हे त्याला ठाऊक आहे. रातोरात निघणाऱ्या अधिसूचनेला मात्र तो कसा तोंड देणार? नियम करायचा तर किमान पेरणीच्या आधी सांगा, एवढेच त्याचे म्हणणे, आणि ते मला रास्त वाटते.

अडवल्याची सगळ्यांत मोठी किंमत कोणती, याचे उत्तर आमच्या पंचवटीतच आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. सत्याग्रही आले तेव्हा देवळाचे दरवाजे बंद होते. काहींना बाहेर ठेवण्यासाठी दार सगळ्यांनाच लावावे लागते, हे त्या बंद दारांनी दाखवून दिले. हा लढा १९३५ पर्यंत चालला. दार लावणाऱ्यांना वाटत होते, की आपण परंपरा सांभाळतो आहोत. दार लावणाऱ्याला नेहमी असेच काहीतरी वाटत असते. १३ ऑक्टोबर १९३५ ला आमच्याच जिल्ह्यातल्या येवल्याला बाबासाहेबांनी जाहीर केले, की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. पाच वर्षे दारात उभी राहिलेली माणसे दाराकडे पाठ करून दुसऱ्या वाटेला लागली.

लहान प्रमाणात हेच रोज घडत असते. बँकेने पाच वेळा परत पाठवलेली बाई सहाव्या वेळी सावकाराकडे जाते. दाखल्यासाठी दमलेला बाप मुलाचा फॉर्म भरायचे सोडून देतो. तक्रारवहीत त्याची नोंद होत नाही. उलट गर्दी कमी झाली म्हणून कचेरीत समाधानच पसरते!

हे सगळे सरकारवर आणि साहेबांवर ढकलून रविवारचा चहा गोड करून घेणे सोपे आहे. पण द्वारका चौकात एक तास उभे राहून पाहावे. तिथे अडकलेला प्रत्येक जण कोणाला तरी अडवून उभा असतो. सिग्नल पडायच्या आत निम्मी गाडी पुढे घालणारा, डावीकडे वळायची जागा व्यापून उभा असलेला, पदपथावर बुलेट चढवणारा, हे काही सरकारी कर्मचारी नसतात. गणपतीचा मांडव रस्त्याच्या मधोमध घालणारे आपल्याच गल्लीतले, आणि लग्नाची वरात इस्पितळाच्या फाटकापुढे तासभर नाचवणारेही आपलेच सोयरे. गृहनिर्माण संस्थेच्या कमिटीवर निवडून आलेला भला गृहस्थ आठवड्याभरात ‘ना-हरकत’ दाखल्यासाठी सहा कागद मागू लागतो. हातात शिक्का आला, की माणसाला कोणाला तरी थांबवून पाहावेसे वाटते, हा मनुष्यस्वभाव आहे. म्हणून मला ती परीक्षेच्या आदल्या रात्रीची पदयात्रा पुन्हा पुन्हा आठवते. दुसऱ्याची वाट मोकळी ठेवणे हे काही सोयीत असलेल्यांनाच जमते असे नाही.

मग करायचे काय? मोठे उपाय मोठी माणसे सांगतील. मी बँकवाल्याला शोभतील असे छोटे सांगतो. पहिला म्हणजे अर्ज तोंडी करू नये. लेखी द्यावा, पोच घ्यावी, पोचेवर तारीख घ्यावी. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे. अधिसूचित सेवा किती दिवसांत मिळाली पाहिजे, ती कोणी द्यायची, नाही दिली तर अपील कोणाकडे करायचे, हे कचेरीत फलकावर लावणे बंधनकारक आहे. विनाकारण दिरंगाई केल्यास अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांचा दंड होऊ शकतो. दंडाचा आकडा मोठा नाही; पण ‘अडचण आहे’ या वाक्यानंतर ‘ती काय आहे ते लिहून द्या’ असे म्हणण्याचा हक्क त्याने आपल्याला दिला आहे. हे वाक्य नम्रपणे म्हणून पाहावे. निम्म्या अडचणी तिथेच विरघळतात, असा माझा दोन्ही बाजूंचा अनुभव आहे.

दुसरा उपाय घरातला. आज संध्याकाळी घरातली पासबुके, विम्याची कागदपत्रे आणि आधारकार्डे एका जागी काढावीत. सर्वांवर नाव एकसारखे आहे का, खात्यावर नॉमिनी आहे का, तो हयात आहे का, हे पाहावे. विशेषतः आई आणि आजी यांची नावे तपासावीत. तीन नावांचा घोटाळा त्यांच्याच वाट्याला येतो. आपल्यामागे घरच्यांनी कोणत्या खिडकीपुढे किती वेळा उभे राहायचे, हे बऱ्याच अंशी आपल्या हातात असते.

तिसरी विनंती खिडकीच्या आतल्या माझ्या भाईबंदांना. अडथळे काढता येतात, हे आपण पाहिले आहे. नोव्हेंबर आला की पेन्शनरांना हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत रांग लावावी लागे. २०१४ साली ‘जीवन प्रमाण’ आले आणि बोटाच्या ठशावर काम होऊ लागले. पण उभा जन्म शेतात, भांड्यांत राबलेल्या बोटांवर रेषाच उरत नाहीत. यंत्र त्यांना ओळखेना. मग २०२१ साली चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय झाली. कोणीतरी त्या झिजलेल्या बोटांचा विचार केला असणार, त्याखेरीज हे झाले नसते. तसा विचार काऊंटरवरच्या कोणालाही करता येतो. त्यासाठी परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही.

समोरच्या माणसाच्या हातात अपुरा कागद असेल तर काय अपुरे आहे ते एकदाच, सगळे, आणि कागदावर लिहून द्या. दुसऱ्या खेपेला त्याचे काम करून टाका. घाटातल्या त्या मागच्या इंजिनाचे नाव तिकिटावर छापलेले नसते आणि इगतपुरीला ते सुटे झाले की कोणी खिडकीतून डोकावूनही पाहत नाही. पण गाडी वर चढते ती त्याच्या जोरावर.